पहिला मेसेज अडकतो, दुसरा जातो: ब्रोकरचं कनेक्शन गुपचूप मरतं तेव्हा काय बघायचं

आधी लक्षण सांगते, तुमचंही हेच असेल तर पुढचं सगळं तुमच्या कामाचं आहे. वेब ॲप आपले मेसेज ब्रोकरकडे, म्हणजे मेसेज घेऊन पुढे पोचवणाऱ्या मधल्या सर्व्हरकडे, टाकतं. ते दिवसभर नीट चालतं, रात्री कोणी वापरत नाही, सकाळी पहिला माणूस फॉर्म भरून सबमिट दाबतो आणि स्क्रीनवर नुसतं गोल फिरत राहतं. कधी अर्धा मिनिट, कधी पंधरा मिनिटं, कधी लगेच लाल एरर. तो परत दाबतो, अजून एकदा दाबतो, मग जातं. त्यानंतर दिवसभर काहीच त्रास नाही. मध्येच कोणीतरी ॲप रिस्टार्ट करतं, तिकीट बंद होतं, आणि सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी पुन्हा तेच तिकीट उघडतं. ब्रोकरवाले म्हणतात आमच्याकडे सगळं हिरवं आहे, नेटवर्कवाले म्हणतात पोर्ट उघडा आहे, टेलनेट लागतंय, आणि दोघंही खरं बोलत असतात.

मी गेली बरीच वर्षं हेच काम करते, वेब ॲप्लिकेशन एका बाजूला आणि आयबीएम एमक्यू, रॅबिटएमक्यू, ॲक्टिव्हएमक्यू यातला कुठलातरी ब्रोकर दुसऱ्या बाजूला, आणि मधला रस्ता नीट ठेवायचा. त्यावरून सांगते, हे लक्षण दिसलं की दहातल्या नऊ वेळा ब्रोकर निर्दोष असतो आणि कोडचं लॉजिकही बरोबर असतं. मधल्या कुठल्यातरी यंत्राने तुमचं कनेक्शन विसरून टाकलेलं असतं आणि दोन्ही टोकांना त्याचा पत्ताच नसतो. सगळा घोळ याच एका गोष्टीचा आहे, म्हणून आधी ती नीट समजून घ्या, सेटिंग नंतर.

टीसीपी कनेक्शन म्हणजे काही ताणून बांधलेली तार नव्हे. या टोकाच्या मशीनच्या मेमरीत एक नोंद, त्या टोकाच्या मशीनच्या मेमरीत एक नोंद, आणि मध्ये फायरवॉल किंवा लोड बॅलन्सर (येणारी कनेक्शन सर्व्हरमध्ये वाटणारं यंत्र) असेल तर त्याच्या टेबलात एक नोंद, एवढंच ते असतं. मधलं यंत्र हजारो कनेक्शन सांभाळत असतं त्यामुळे ज्याच्यावर बराच वेळ एकही पॅकेट गेलं नाही ती नोंद ते काढून टाकतं. किती वेळ, ते यंत्रावर ठरतं. अझूरच्या लोड बॅलन्सरचा डिफॉल्ट ४ मिनिटं, एफ५ च्या बिग-आयपीवर टीसीपी प्रोफाइलचा ३०० सेकंद, एडब्ल्यूएसच्या नेटवर्क लोड बॅलन्सरचा ३५० सेकंद, सिस्कोच्या एएसए फायरवॉलवर १ तास. आता नोंद गेली तरी तुमच्या ॲपच्या मशीनवर सॉकेट (कनेक्शनचं त्या बाजूचं टोक) एस्टॅब्लिश्ड, म्हणजे जोडलेला, दिसतो, ब्रोकरच्या मशीनवरही एस्टॅब्लिश्ड दिसतो. सकाळी ॲप त्यात मेसेज लिहितं, ऑपरेटिंग सिस्टीम तो आपल्या बफरमध्ये घेते आणि ॲपला सांगते झालं काम. पॅकेट निघतं, फायरवॉलपर्यंत पोचतं, फायरवॉल म्हणतं हे कनेक्शन माझ्या यादीत नाही, आणि टाकून देतं. कोणाला कळवत नाही. मशीन थांबतं, पोचपावती नाही म्हणून तेच पॅकेट परत पाठवतं, मग दुप्पट थांबून परत, मग अजून जास्त थांबून परत, लिनक्सवर हे डिफॉल्टने १५ वेळा चालतं आणि हिशोब साधारण ९२४ सेकंदांच्या पुढे जातो, म्हणजे पंधरा मिनिटं आणि वर थोडं. त्यानंतर कुठे ॲपला एरर मिळते.

म्हणून सांगते, पंधरा-सोळा मिनिटांचा हँग दिसला की तो योगायोग नाही. कोडमध्ये कुठे १५ मिनिटांचा टाइमआउट लिहिलाय का हे शोधत बसू नका, तो कर्नलमधून येतोय आणि त्याचा अर्थ एवढाच की मधल्या कोणीतरी पॅकेट गपचूप गिळलं. याउलट सबमिट दाबल्याबरोबर "कनेक्शन रीसेट" असं आलं तर मधल्या यंत्राने निदान नाही म्हणून सांगितलं. एडब्ल्यूएसचा नेटवर्क लोड बॅलन्सर असं करतो, वेळ उलटून गेल्यावर कोणी डेटा पाठवला की रीसेट परत पाठवतो. अझूरवाला डिफॉल्टने गप्प बसतो, रीसेट पाठवायचा पर्याय आहे पण तो चालू करावा लागतो. आजार एकच, पण एकात ॲप लगेच सावरतं आणि दुसऱ्यात थ्रेड (रिक्वेस्ट हाताळणारे ॲपचे धागे) गोठून बसतात, त्यामुळे नेटवर्कवाल्यांशी बोलताना "किती वेळाने तोडता" एवढंच विचारू नका, "तोडल्यावर रीसेट पाठवता की गप्प बसता" हेही विचारा.

रिस्टार्ट करायच्या आधी

रिस्टार्ट केला की पुरावा गेला, हे मी प्रत्येक टीमला हात जोडून सांगते. लोक अडकलेत, वरून फोन येतायत, मान्य आहे, पण दोन मिनिटं द्या. ॲपच्या मशीनवर एसएस ही कमांड टी, एन आणि ओ हे तीन पर्याय देऊन चालवा आणि ब्रोकरच्या पोर्टची ओळ शोधा. एमक्यू असेल तर साधारण १४१४, रॅबिट असेल तर ५६७२ किंवा टीएलएसवर ५६७१, ॲक्टिव्हएमक्यूचं ओपनवायर ६१६१६. त्या ओळीत सेंड-क्यूचा आकडा शून्याच्या वर असेल, म्हणजे समजा ४१२ बाइट तिथे पडून आहेत, आणि शेजारी टायमरमध्ये "ऑन" लिहून पुढे वेळ आणि त्यापुढे ७, ८, ९ असा आकडा असेल तर तुमच्या डोळ्यासमोर मशीन तेच पॅकेट सातव्या, आठव्या, नवव्यांदा पाठवतंय. दहा सेकंदांनी परत चालवा, वेळ उतरताना दिसेल. तो आउटपुट तसाच्या तसा कॉपी करून तिकिटात टाका, याच्यापुढे कोणी "ब्रोकर स्लो आहे" म्हणू शकत नाही.

तेव्हाच ब्रोकरच्या मशीनवर तीच पोर्टची जोडी बघा. तिकडे सॉकेट एस्टॅब्लिश्ड आणि रिसीव्ह-क्यू, सेंड-क्यू दोन्ही शून्य असतील तर पॅकेट तिथवर पोचतच नाहीये. तिकडे सॉकेटच नसेल तर ब्रोकरने आधीच कनेक्शन बंद केलंय, आणि मग त्याच्या लॉगमध्ये कारण लिहिलेलं असणार.

तिसरी गोष्ट म्हणजे वेळा. शेवटचा मेसेज नीट गेला तो किती वाजता, आणि पहिला फसला तो किती वाजता, असे मागच्या दहा-बारा घटनांचे काढा आणि मधलं अंतर लिहा. शिवाय ज्या वेळी इतका वेळ शांतता होती पण मेसेज नीट गेला, तेही लिहा. समजा ५० मिनिटांच्या शांततेनंतर मेसेज नेहमी जातो आणि ७० मिनिटांनंतर नेहमी फसतो, तर उत्तर या दोघांच्या मध्ये आहे आणि एक तासाचा टाइमआउट कोणाचा हे शोधायचं. ही दोन रकान्यांची यादी माझ्या मते कुठल्याही मॉनिटरिंग टूलपेक्षा जास्त बोलकी असते.

माझ्याकडे घडलेलं एक

एका ठिकाणी मंजुरीच्या फॉर्मचं ॲप होतं, जावामध्ये लिहिलेलं, मागे आयबीएम एमक्यू. लक्षण वर सांगितलं तेच. पहिला सबमिट अडकायचा, लोक परत परत दाबायचे, प्रत्येक दाबण्यासोबत वेब सर्व्हरचा एकेक थ्रेड गोठायचा, अर्ध्या तासात अख्खं ॲप सगळ्यांसाठी बंद, अगदी ज्या पानांचा ब्रोकरशी काही संबंध नाही ती पानंसुद्धा. मग लॉगमध्ये रीझन कोड २००९ यायचा, म्हणजे कनेक्शन तुटलं. रिस्टार्ट, आणि पुढचा सोमवार.

आम्ही यादी काढली, आकडा बरोबर एक तासावर आला, मध्ये फायरवॉल होतंच. पण माझं समाधान होईना कारण एमक्यूच्या चॅनलवर (ॲप आणि ब्रोकरमधली जोडणी) हार्टबीट, म्हणजे "मी जिवंत आहे" सांगणारं छोटं पॅकेट, असतो, डिफॉल्ट ३०० सेकंद, म्हणजे दर पाच मिनिटांनी काहीतरी जायला हवं, मग एक तास शांतता कशी? चॅनलची व्याख्या बघितली तर हार्टबीट ३००च होता. दोन दिवस आम्ही सगळे तिथेच अडकलो. शेवटी टेस्टच्या मशीनवर टीसीपीडम्प (तारेवरची पॅकेट दाखवणारी कमांड) लावून पोर्ट १४१४ वर नुसतं बघत बसलो. एक मेसेज पाठवला, पॅकेट दिसली, मग पाच मिनिटं, काही नाही, दहा मिनिटं, काही नाही, वीस मिनिटं, एकही पॅकेट नाही. सेटिंगमध्ये हार्टबीट होता आणि तारेवर नव्हता.

कारण त्याच चॅनलवर दोन ओळी खाली होतं. शेअरसीएनव्ही नावाचं सेटिंग, एका सॉकेटवर किती संभाषणं चालवायची ते सांगणारं, डिफॉल्ट १०, इथे कोणीतरी फार पूर्वी जुन्या क्लायंटसाठी ० करून ठेवलेलं. ० म्हणजे चॅनल एमक्यूच्या सातव्या आवृत्तीच्या आधीच्या पद्धतीने चालतो, आणि त्या पद्धतीत हार्टबीट फक्त तेव्हाच जातो जेव्हा क्लायंट गेट करून मेसेजची वाट बघत असतो. आमचं ॲप फक्त पुट करायचं. मेसेज टाकायचा आणि गप्प. त्यामुळे हार्टबीट कधी जायचाच नाही. ० चं १ केलं, ॲपची कनेक्शन नव्याने उघडली, आणि टीसीपीडम्पमध्ये ३०० सेकंदांनी छोटंसं पॅकेट आलं, परत ३०० सेकंदांनी आलं. त्या दिवशी त्या दोन ओळी बघून मला किती बरं वाटलं ते सांगता येणार नाही.

पण तेवढ्यावर थांबलो असतो तर चुकलं असतं, कारण पुढे तेच ॲप क्लाउडमध्ये गेलं आणि मध्ये ४ मिनिटांचा लोड बॅलन्सर आला. हार्टबीट ५ मिनिटांचा, तोडणारा ४ मिनिटांचा, म्हणजे हार्टबीट निघायच्या आधीच कनेक्शन मेलेलं. ३०० सेकंदवाल्या लोड बॅलन्सरवर तर अजून वाईट, दोन्हीकडे ३०० आणि कोण आधी पोचतं यावर सगळं, त्यामुळे कधी तुटतं कधी नाही आणि माणूस वेडा होतो. म्हणून मी नियम ठेवलाय, रस्त्यातला सगळ्यात छोटा टाइमआउट शोधायचा आणि हार्टबीट त्याच्या अर्ध्याहून कमी ठेवायचा. ४ मिनिटं असतील तर ६० सेकंद ठेवा, नेटवर्कवर त्याचा भार काही नाही. आणि एमक्यूमध्ये ही किंमत दोन्ही टोकांमध्ये वाटाघाटी होऊन ठरते, त्यामुळे चॅनलच्या व्याख्येवर विश्वास ठेवू नका, चालू चॅनलचं स्टेटस काढून त्यात हार्टबीट किती दिसतो ते बघा, तीच खरी किंमत.

याच प्रकरणाचं एक शेपूट आहे जे बऱ्याच जणांना वेगळा प्रॉब्लेम वाटतो. ॲपने नवीन कनेक्शन उघडलं पण ब्रोकरच्या बाजूला जुनं अजून जिवंत दिसतंय, कारण त्याला कोणी सांगितलंच नाही. रोज अशी पाच-दहा भुतं साठतात, आणि एक दिवस रीझन कोड २५३७ येतो, क्यू मॅनेजरच्या (म्हणजे एमक्यूच्या ब्रोकरच्या) लॉगमध्ये एएमक्यू९५१३, चॅनलची मर्यादा संपली. मॅक्सचॅनल्सचा डिफॉल्ट लिनक्स-विंडोजवर १०० असतो, तो वाढवून लोक मोकळे होतात आणि भुतं वाढत राहतात. मर्यादा वाढवायच्या आधी बघा की यातली किती कनेक्शन खरोखर ॲपच्या बाजूलाही आहेत.

रॅबिटएमक्यू असेल तर

इथे हार्टबीट डिफॉल्ट ६० सेकंद सुचवला जातो आणि दोन्ही बाजू साधारण निम्म्या वेळाने एकमेकांना छोटी फ्रेम पाठवतात, त्यामुळे फायरवॉल सहसा कापत नाही. इथे गंमत अशी की ब्रोकर स्वतःच कापतो. लॉगमध्ये "क्लायंटकडून हार्टबीट आले नाहीत, टाइमआउट ६० सेकंद" अशा अर्थाची ओळ असेल तर दोष नेटवर्कचा नाही, तुमच्या क्लायंटला हार्टबीट पाठवायला वेळच मिळत नाहीये.

पायथॉनवाल्यांना हे सगळ्यात जास्त भेटतं. पिका लायब्ररीचं ब्लॉकिंग कनेक्शन घेतलं, जँगो किंवा फ्लास्क ॲप सुरू होताना एकदा उघडलं, ग्लोबल व्हेरिएबलमध्ये ठेवलं, रिक्वेस्ट आली की पब्लिश, म्हणजे ब्रोकरला मेसेज पाठवायचा. दिसायला बरोबर. पण या कनेक्शनला स्वतःचा मागे चालणारा थ्रेड नसतो, तुमचा कोड जेव्हा लायब्ररीत शिरतो तेव्हाच ती हार्टबीट बघते. दोन रिक्वेस्टच्या मध्ये दहा मिनिटं कोणी शिरलंच नाही तर हार्टबीट कोण पाठवणार? ब्रोकर वाट बघतो, बंद करतो, पुढच्या पब्लिशला "स्ट्रीम लॉस्ट" येतं. जावाच्या आणि डॉटनेटच्या अधिकृत क्लायंटमध्ये हे होत नाही कारण ते हार्टबीट स्वतः मागे सांभाळतात.

इंटरनेटवर याचं उत्तर म्हणून हार्टबीट ० करा असं ठिकठिकाणी लिहिलेलं असतं. कृपया करू नका. लॅपटॉपवर त्याने बरं वाटतं कारण लॅपटॉप आणि ब्रोकरच्या मध्ये फायरवॉल नसतं. प्रॉडक्शनला गेलात की ब्रोकर कापायचा थांबतो आणि फायरवॉल कापायला लागतं, ब्रोकर निदान लॉगमध्ये लिहायचा, फायरवॉल काही लिहीत नाही, म्हणजे कळणारी एरर देऊन तुम्ही न कळणारी विकत घेतली. त्यापेक्षा पब्लिश करायचं काम एका वेगळ्या थ्रेडला द्या जो कनेक्शन धरून बसतो आणि थोड्या थोड्या वेळाने लायब्ररीला इव्हेंट प्रोसेस करू देतो. ते जमत नसेल आणि मेसेज कमी असतील तर पब्लिश फसल्यावर कनेक्शन टाकून नवीन उघडून एकदाच परत प्रयत्न करा. मेसेज फारच थोडे असतील तर प्रत्येक वेळी उघडून बंद केलं तरी मी नाव ठेवणार नाही, सेकंदाला शंभर असतील तर मात्र ते ब्रोकरला झेपायचं नाही.

अजून एक, गुनिकॉर्न (पायथॉन वेब ॲप चालवणारा सर्व्हर) प्रीलोड करून चालवत असाल तर फोर्क व्हायच्या, म्हणजे त्याच्यातून वर्कर प्रोसेस निघायच्या, आधी कनेक्शन उघडू नका. चार वर्कर एकाच सॉकेटवर लिहितात, फ्रेम एकमेकांत मिसळतात, ब्रोकर फ्रेम एरर देऊन सगळं बंद करतो, आणि लॉग बघून काही अर्थ लागत नाही. प्रत्येक वर्करने जन्माला आल्यावर आपलं कनेक्शन आपण उघडायचं.

आता माझ्या दृष्टीने यातला सगळ्यात गंभीर भाग. रॅबिटमध्ये नुसत्या पब्लिशला उत्तर नसतं. तुम्ही मेसेज मेलेल्या सॉकेटवर लिहिला, कर्नलने बफरमध्ये घेतला, लायब्ररी म्हणाली ठीक, वेब पानावर "तुमचा अर्ज नोंदवला" असं हिरवं आलं, आणि तो मेसेज कधीच कुठे पोचला नाही. एरर नाही, हँग नाही, तक्रार यायला आठवडा लागतो, आणि तोवर त्या माणसाचं काम खोळंबलेलं असतं आणि त्याच्या हातात फक्त तो हिरवा मेसेज. अडकलेल्या सबमिटपेक्षा हे फार वाईट आहे. म्हणून पब्लिशर कन्फर्म (मेसेज घेतल्याची ब्रोकरची पावती) चालू करा आणि कन्फर्म येईपर्यंत युजरला हिरवं दाखवू नका. शिवाय मँडेटरी फ्लॅग (क्यूपर्यंत न जाणारा मेसेज परत पाठवायला सांगणारा) लावा, कारण एक्सचेंजला (रॅबिटमध्ये मेसेज आधी इथे येतो, मग क्यूत जातो) कुठलीच क्यू जोडलेली नसेल तरी कन्फर्म येतो, ब्रोकर मेसेज घेतो आणि टाकून देतो, नियमाप्रमाणे त्याचं बरोबरच असतं.

ॲक्टिव्हएमक्यू आणि स्प्रिंगवाल्यांसाठी

ॲक्टिव्हएमक्यू क्लासिकमध्ये ३० सेकंदांची निष्क्रियता तपासणी मुळातच असते त्यामुळे मधल्या फायरवॉलचा त्रास कमी. तिथला त्रास फेलओव्हर ट्रान्सपोर्टचा. पत्ता "फेलओव्हर" ने सुरू केलात की कनेक्शन गेल्यावर लायब्ररी आपणहून परत जोडायचा प्रयत्न करत राहते, छान आहे, पण डिफॉल्टने ती अनंत काळ प्रयत्न करते आणि तोपर्यंत तुमची सेंडची ओळ तिथेच थांबलेली. मागे चालणाऱ्या जॉबला हे चालतं, वेब रिक्वेस्टला नाही. पत्त्यात टाइमआउट ३००० मिलिसेकंद वगैरे द्या, मग निदान तीन सेकंदांत एक्सेप्शन येईल आणि युजरला खरं काय ते सांगता येईल.

जावाच्या स्प्रिंग फ्रेमवर्कमध्ये मेसेज पाठवणाऱ्या जेएमएसटेम्प्लेटबद्दल बरेच जण उलट्या बाजूने फसतात. तो प्रत्येक सेंडला कनेक्शन, सेशन, प्रोड्युसर सगळं उघडतो आणि बंद करतो, कारण खाली पूल (उघडून ठेवलेल्या कनेक्शनचा साठा) असेल असं तो धरून चालतो. खाली पूल नसेल तर इथे आयडलचा प्रश्न येत नाही पण लोड वाढला की हजारो सॉकेट टाइम-वेटमध्ये (बंद झाल्यावर काही काळ अडकून राहण्याची अवस्था) पडतात, लिनक्सवर प्रत्येक ६० सेकंद, आणि बाहेर जायची पोर्ट डिफॉल्टने ३२७६८ ते ६०९९९ एवढीच, ती संपतात. मग कॅशिंग कनेक्शन फॅक्टरी लावतात, लोडचा प्रश्न सुटतो, आणि रात्रीच्या शांततेचा प्रश्न जन्माला येतो. कॅशिंग लावताना एक्सेप्शन आल्यावर परत जोडण्याचं सेटिंग चालू आहे ना ते बघा. पूल वापरत असाल तर पडून असलेलं कनेक्शन पूलनेच फायरवॉलच्या आधी बंद करावं असा आयडल टाइमआउट ठेवा, त्यात लाजण्यासारखं काही नाही, सकाळी नवीन उघडायला जेमतेम काही मिलिसेकंद लागतात.

कीपअलाइव्हबद्दल, कारण कोणीतरी हमखास सुचवतं

ब्रोकरचा हार्टबीट बदलता येत नसेल तर टीसीपी कीपअलाइव्ह (शांत कनेक्शनवर ऑपरेटिंग सिस्टीम पाठवते ते तपासणीचं पॅकेट) हा दुसरा मार्ग, पण त्यात दोन खड्डे. लिनक्सवर डिफॉल्ट पहिला कीपअलाइव्ह ७२०० सेकंदांनी जातो, म्हणजे दोन तास, आणि उत्तर नाही आलं तर ७५ सेकंदांनी एक असे ९ प्रयत्न, सगळं मिळून २ तास ११ मिनिटं. एक तासाच्या फायरवॉलपुढे याचा काय उपयोग. आकडा कमी करावाच लागतो. आणि दुसरा खड्डा असा की सिस्टीमचा आकडा बदलला तरी ज्या प्रोग्रॅमने त्या सॉकेटवर कीपअलाइव्ह मागितलेलाच नाही त्याला तो लागू होत नाही. मी असे सर्व्हर बघितलेत जिथे आकडा अगदी काळजीपूर्वक ३०० केलाय आणि एकाही सॉकेटवर कीपअलाइव्ह चालू नाही. एसएसच्या त्याच आउटपुटमध्ये टायमरच्या जागी "कीपअलाइव्ह" दिसतं का बघा, दिसलं तरच आहे. आयबीएम एमक्यूमध्ये सर्व्हरच्या बाजूला क्यूएम डॉट आयएनआय फाइलमध्ये टीसीपीच्या भागात कीपअलाइव्ह येस आहे ना तेही बघून घ्या, वर सांगितलेली भुतं त्यानेच साफ होतात.

आणि पंधरा मिनिटांचा हँग कीपअलाइव्हने कमी होत नाही. एकदा डेटा पाठवून त्याची पोचपावती बाकी असली की कीपअलाइव्ह बाजूला राहतो आणि परत पाठवायचं घड्याळ चालतं. ते कमी करायचं तर सॉकेटवर टीसीपी युजर टाइमआउट (पोचपावतीची किती वेळ वाट बघायची ती मर्यादा) लावावा लागतो, लायब्ररी तो देत असेल तर २०-३० सेकंद ठेवा. देत नसेल तर ॲपमध्येच सेंडला वेळेची मर्यादा घाला.

ज्यांचं हे नाहीच त्यांच्यासाठी पटकन. दर वेळी, पहिल्या मेसेजपासून, रिस्टार्टनंतरसुद्धा फसत असेल तर ही पोस्ट तुमची नाही. एमक्यूचा २०३५ म्हणजे परवानगी नाही, चॅनल ऑथ नियम आणि युजर बघा, ॲडमिन युजरने बाहेरून जोडायला गेलात तर डिफॉल्ट नियमच अडवतात. २०५९ म्हणजे क्यू मॅनेजरपर्यंत पोचताच येत नाहीये, लिसनर चालू आहे का ते बघा. रॅबिटचा गेस्ट युजर फक्त लोकलहोस्टवरून चालतो. व्हर्च्युअल होस्टचं नाव नुसता स्लॅश असेल तर पत्त्यात तो टक्का-२-एफ असा लिहावा लागतो. आणि कनेक्शन जिवंत आहे पण पब्लिश पुढे सरकतच नाही, असं असेल तर रॅबिटच्या मॅनेजमेंट पानावर कनेक्शनसमोर "ब्लॉक्ड" लिहिलंय का बघा, मेमरी किंवा डिस्कची घंटा वाजली की तो पब्लिश करणाऱ्यांना थांबवतो. ब्राउझरमधून वेबसॉकेटवर स्टॉम्प (ब्रोकरशी बोलायचा प्रोटोकॉल) वापरत असाल आणि बरोबर ६० सेकंदांनी तुटत असेल तर मधल्या एनजिन्क्स वेब सर्व्हरचा प्रॉक्सी रीड टाइमआउट ६० आहे, स्टॉम्पचा हार्टबीट १० सेकंदांचा लावा.

दुरुस्ती झाली हे कसं ठरवायचं

रात्रभर थांबायची गरज नाही. टेस्ट मशीनवर ॲप चालू करा, एक मेसेज पाठवा, मग आयपीटेबल्सने (लिनक्सचं स्वतःचं फायरवॉल) ब्रोकरच्या पोर्टवर दोन्ही दिशांना ड्रॉपचा नियम लावा. रिजेक्ट नको, ड्रॉपच, कारण आपल्याला गप्प बसणारं फायरवॉल हवंय, आणि दोन्ही दिशांना कारण एकाच बाजूने अडवलं तर अर्धी पॅकेट जात राहतात आणि निकाल फसवा येतो. आता सबमिट दाबा आणि घड्याळ लावा. दुरुस्तीच्या आधी पंधरा मिनिटं लटकेल, दुरुस्तीनंतर तुम्ही ठरवलेल्या मर्यादेत, समजा वीस सेकंदांत, स्वच्छ एरर यायला हवी. नियम काढा, परत दाबा, ॲपने कोणी हात न लावता नवीन कनेक्शन उघडून मेसेज पाठवला पाहिजे. मग क्यूवर जाऊन मोजा. किती वेळा दाबलं, किती वेळा हिरवं दिसलं, क्यूमध्ये किती आहेत.

हे मोजणं टाळू नका कारण परत प्रयत्न करणारा कोड आला की डुप्लिकेट आलेच. पॅकेट पोचलं, ब्रोकरने घेतलं, फक्त पोचपावती हरवली, ॲपला वाटलं फसलं म्हणून परत पाठवलं. वर सांगितलेल्या त्या मंजुरीच्या ॲपमध्ये आमचे काही अर्ज दोनदा मंजूर झाले होते, अर्धे लोकांनी दोनदा दाबल्यामुळे आणि अर्धे आमच्याच रिट्रायमुळे, आणि ते हाताने निस्तरायला दुरुस्तीपेक्षा जास्त दिवस गेले. उपाय असा केला की फॉर्म उघडतानाच त्याला एक आयडी द्यायचा, कितीही वेळा दाबलं किंवा कोडने कितीही वेळा पाठवलं तरी मेसेजसोबत तोच आयडी जाणार, आणि घेणाऱ्या बाजूने तो आयडी आधी टेबलात आहे का बघूनच पुढे जायचं.

जिथे एकही मेसेज हरवून चालणार नाही तिथे मी आता वेब रिक्वेस्टमधून ब्रोकरला हातच लावत नाही. अर्ज ज्या डेटाबेस ट्रान्झॅक्शनमध्ये सेव्ह होतो त्यातच आउटबॉक्स टेबलात एक ओळ लिहायची, युजरला हिरवं दाखवायचं कारण आता ते खरं आहे, आणि एक वेगळी प्रोसेस त्या ओळी उचलून ब्रोकरला पाठवेल, कन्फर्म आला की खूण करेल. कनेक्शन मेलं तर ती प्रोसेस अडकेल, युजर नाही. फक्त त्या टेबलात सगळ्यात जुनी न गेलेली ओळ किती मिनिटांची आहे यावर अलार्म लावा, नाहीतर प्रोसेस बंद पडून दोन दिवस झाले तरी कोणाला कळायचं नाही. आमच्याकडे तो अलार्म ५ मिनिटांवर आहे.